निसर्गकवितेवरून चित्र कसं करावं: कवितेतून रानात, रानातून कागदावर

निसर्गचित्रं आणि पशुपक्ष्यांची चित्रं काढणारी बरीच मंडळी कवितेकडे वळतात. मी बीड जिल्ह्यात चित्रकला शिकवते आणि दर पावसाळ्यात हे पाहते. कविता वाचून हात शिवशिवतात, लगेच रंग निघतात आणि दोन तासांत चित्र तयार होतं. डावीकडे झाड, मागे गोल सूर्य, त्याच्यापुढून उडणारी पाखरं, कोपऱ्यात वळणदार अक्षरांत कवितेची ओळ. कविता पावसाची असो, माळाची असो की हरणाची, चित्र मात्र तेच.

होतं असं की कविता मिटून थेट रंगांकडे गेलं, की डोळ्यांपुढे उभं राहतं ते पूर्वी पाहिलेलं एखादं कॅलेंडर. मधला सगळ्यात मोठा टप्पा गळून जातो, तो म्हणजे कवितेनं जे दाखवलं ते रानात जाऊन स्वतः पाहण्याचा. कविता आपल्याला चित्र देत नाही. नेमकं काय पाहायचं, एवढं मात्र ती देते, आणि तेच फार मोलाचं आहे.

खालचा क्रम मी स्वतः पाळते. एका चित्राला तीन-चार आठवडे लागतात, त्यात प्रत्यक्ष रंगवण्याचं काम एका सकाळचं. टप्पे मागेपुढे करू नका.

सुरुवातीची तयारी

सामान थोडंच लागतं. कविता उतरवायला साधी दोनरेघी वही. खिशात किंवा झोळीत मावेल असं ए-५ आकाराचं स्केचबुक, २बी आणि ४बी पेन्सिल. शेवटच्या चित्रासाठी ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) वॉटरकलर कागद, त्याहून पातळ घेतला तर पहिल्याच वॉशला, म्हणजे भरपूर पाण्यात पसरवलेल्या रंगाच्या थराला फुगतो. रंग सातच: अल्ट्रामरीन, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, लेमन यलो, सॅप ग्रीन, एक गुलाबीकडे झुकणारा लाल आणि कॅडमियम ऑरेंज. काळ्या रंगाची ट्यूब बाजूलाच ठेवा, ती का नको ते पुढे येईलच.

८ बाय ४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) बायनॉक्युलर असेल तर पक्ष्याला न उठवता पाहता येतं. नसेल तर गुरं, शेळ्या, बगळे, साळुंक्या अशा माणसाला सरावलेल्या जिवांपासून सुरुवात करा. पक्ष्यांची एखादी सचित्र मार्गदर्शिका आणि नक्षत्रं दिलेलं पंचांग किंवा दिनदर्शिका हवीच. चित्रकाराच्या सामानात पंचांग कशाला, ते चौथ्या टप्प्यात कळेल.

टप्पा १: कविता निवडणे

आवडलेली प्रत्येक कविता चित्राच्या कामाची नसते. कसोटी सोपी आहे. कवितेतली नामं आणि क्रियापदं वहीत उतरवा. यादीत आठवण, विरह, अनंत, शांतता असेच शब्द भरले असतील तर ती कविता मनात ठेवा, या कामाला घेऊ नका. यादीत बांध, बाभूळ, टिटवी, ओल, वळणं, टिपणं, झुकणं असे हाताला लागणारे शब्द असतील तर ती घ्या.

दोन ते आठ ओळी पुरेत. कविता लांब असेल तर त्यातलं एकच कडवं घ्या.

सुरुवात आपल्याच मुलखातल्या कवितेनं करावी असं माझं ठाम मत आहे. ना. धों. महानोर पळसखेड्याचे, त्यांच्या कवितेतलं रान अजिंठ्याच्या परिसरातलं. ते रान आपण बसमधून उतरून पाहू शकतो. घरात आजीच्या तोंडी जात्यावरच्या ओव्या असतील तर त्याहून चांगलं काही नाही. त्यातली बोर, बाभळ, पाणंद आपल्या गावाच्या शिवारातच सापडते. उलट कोकणातल्या पावसाची कविता घेऊन धारूरच्या घाटात बसलात, तर एकतर कविता खोटी ठरेल नाहीतर चित्र.

या लेखात उदाहरणाला मी एकच छोटी रचना धरते. सातवाहनांच्या पैठणशी नातं सांगणाऱ्या गाथासप्तशती या जुन्या प्राकृत काव्यसंग्रहात दोन ओळींची एक प्राकृत गाथा आहे. तिचा अर्थ असा: पाहा, कमळिणीच्या पानावर बगळी कशी निश्चल, निस्पंद शोभते आहे, जणू निर्मळ पाचूच्या ताटात ठेवलेली शंखाची शिंपली.

टप्पा २: चित्रकारासारखं वाचणे

पहिल्यांदा मनात वाचा, दुसऱ्यांदा मोठ्यानं, तिसऱ्यांदा हातानं उतरवत. हातानं उतरवताना प्रत्येक शब्दावर थांबावं लागतं, म्हणून हे टाळू नका. फोनवर फोटो काढून ठेवलेली कविता वाचली जात नाही.

मग वहीच्या पानाचे चार रकाने करा: जागा, वेळ, हालचाल, आवाज. आपल्या गाथेचे रकाने असे भरतात. जागा: कमळांचं तळं. वेळ: दिलेली नाही. हालचाल: अजिबात नाही, आणि ती नाही हे दोन शब्दांत दोनदा सांगितलंय. आवाज: नाही. रिकामा राहिलेला रकाना विसरू नका. वेळ कवितेनं दिली नाही, म्हणजे ती तुम्हाला रानातून आणायची आहे.

आता उपमा उलगडा. बहुतेकांची चूक इथेच होते, म्हणून इथे जास्त वेळ घालवा.

पाचूच्या ताटात शंख. वाचताना हे नुसतं गोड वाटतं. चित्रकाराच्या डोळ्यानं पाहिलं तर त्यात किमान चार सूचना आहेत. पहिली टोनची, म्हणजे गडद-फिकटपणाची: गडदावर पांढरं, म्हणजे बगळ्याच्या मागे फिकट आभाळ येता कामा नये, सगळीकडून गर्द पान हवं. दुसरी रंगाची: पाचूचा हिरवा निळसर असतो, आणि कमळाच्या पानावरही मेणासारखा निळसर थर असतो. ट्यूबमधला सॅप ग्रीन पिवळ्याकडे झुकतो, तो तसाच लावला तर पान केळीचं दिसेल. तिसरी आकाराची: ताट म्हणजे मध्ये किंचित खोल, कडा वर. कमळाचं पान तसंच असतं. चौथी सूचना मला सगळ्यात उशिरा कळली. शंखाची शिंपली बंद, आटोपशीर आकाराची असते. मान उंच काढलेला बगळा शंखासारखा दिसत नाही. मान खांद्यांत ओढून बसलेलाच दिसतो. म्हणजे पक्ष्याची बैठकही गाथेनं ठरवून दिली आहे.

यापुढे आणखी एक थर आहे. जुने काव्यशास्त्रकार या गाथेचा अर्थ असा लावतात: बगळी हलत नाही कारण तिला भीती नाही, भीती नाही कारण इथे कुणी येत नाही, आणि बोलणारी स्त्री आपल्या प्रियकराला भेटीची एकांत जागा सुचवते आहे. चित्रकाराला यातून काय मिळतं? पाऊलवाट नको, होडी नको, लांबवर धुणं धुणाऱ्या बाया नकोत. प्रियकर-प्रेयसी तर नकोतच. तळ्याचा तो निर्मनुष्यपणाच चित्राचा विषय आहे.

> इशारा: उपमा रंगवू नका. पाचूचं ताट आणि शंख चित्रात आले की बगळा संपला. उपमेनं जे पाहायला सांगितलं ते रंगवा.

> तपासा: वहीत एकच वाक्य लिहा, मी रानात काय पाहायला चालले आहे. या गाथेसाठी माझं वाक्य होतं: “मान आत घेतलेल्या बगळ्याच्या पोटावर पानाचा हिरवा उजेड पडतो का?” असं वाक्य जमत नसेल तर पुन्हा वाचा. “निसर्गाचं सौंदर्य पाहायला” हे वाक्य चालणार नाही.

टप्पा ३: कोणता पक्षी, कोणतं झाड, ते ठरवणे

कवीला “हरिण” म्हटलं की पुरतं. चित्रकाराला पुरत नाही. हरणाला शिंगं कशी, अंगावर ठिपके आहेत का, शेपूट कसली, हे सगळं काढावं लागतं. मराठवाड्याच्या माळावरच्या कवितेतलं हरिण म्हणजे काळवीट नाहीतर चिंकारा. तरी दहापैकी सात जण ठिपक्यांचं चितळ काढतात, कारण लहानपणीच्या पुस्तकात तेच होतं. काळविटातही पिळाची लांब शिंगं आणि काळपट अंग नराचं, तेही वयात आलेल्या. मादी आणि पिलं फिक्या तपकिरी रंगाची. अख्खा कळप शिंगांचा काढला की ज्यानं एकदाही काळवीट पाहिलंय त्याला ते चित्र खोटं वाटतं.

बगळ्याबाबत मी स्वतः चुकले होते. याच गाथेवरचं माझं पहिलं चित्र घेऊन मी नाथसागराच्या, म्हणजे पैठणजवळच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या काठावर बसले होते. जाळं सुकवत बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी ते हातात घेऊन पाहिलं आणि विचारलं, “ताई, हा तर गायबगळा. हा ढोरामागं फिरतो. पाण्यात कामून उभा केला?” मी चोच पिवळी केली होती. छोट्या बगळ्याची चोच काळी, पाय काळे आणि पंजे पिवळे, जणू पिवळे मोजे घातलेत. गायबगळ्याची चोच पिवळी, मान आखूड, आणि विणीच्या दिवसांत डोक्या-मानेवर नारिंगी झाक. एका चोचीच्या रंगानं माझं तळं गायरान होऊन गेलं होतं.

नेहमी होणाऱ्या आणखी काही चुका:

- उडणारे बगळे मान लांब पुढे काढून दाखवणे. बगळा उडताना मान घडी घालून आत घेतो. मान पुढे ताणून उडतात ते करकोचे आणि क्रौंच.
- कमळाच्या पानाला चीर काढणे. कमळाचं पान अखंड गोल असतं, देठ मधोमध खालून येतो आणि पान बऱ्याचदा पाण्याच्या वर उचललेलं असतं. देठापर्यंत चीर असलेलं, पाण्यावर पसरलेलं पान कुमुदाचं.
- हिवाळ्यातल्या चित्रात लांब पिसाऱ्याचा मोर. पावसाळा सरता सरता मोराचा पिसारा गळतो आणि नवा भरायला काही महिने जातात. पाटोद्याजवळच्या नायगाव मयूर अभयारण्यात दिवाळीनंतर जाऊन पाहा.
- बाभूळ आणि हिवर एकसारखे रंगवणे. बाभळीचं खोड काळपट आणि भेगाळ, हिवराचं फिकट, पिवळसर.

तुमच्या कवितेतल्या प्रत्येक जिवापुढे आणि झाडापुढे नेमकं नाव लिहा. नाव सापडत नसेल तर गावातल्या गुराख्याला किंवा मेंढपाळाला विचारा. त्यांना पुस्तकातलं नाव माहीत नसेल, पण तो पक्षी कुठे बसतो आणि काय खातो हे नक्की माहीत असतं, आणि चित्राला तेच लागतं.

टप्पा ४: दिवस आणि वेळ ठरवणे

आता पंचांग काढा. कवितेत मृग नक्षत्र आलं असेल तर ते साधारण ७ जूनला लागतं, आर्द्रा २१-२२ जूनला, हस्त सप्टेंबरच्या शेवटी. या नक्षत्रांगणिक मराठवाड्याच्या जमिनीचा रंग वेगळा असतो आणि चित्रात तो चुकला की कविता चुकते.

सगळ्यात मोठी चूक पहिल्या पावसाच्या चित्रात होते. पहिला पाऊस म्हटला की लोक हिरवा ओततात. मृगाच्या पहिल्या पावसात आपल्याकडे हिरवं काहीच नसतं. नांगरून पडलेली ढेकळं असतात, कोरडी तेव्हा राखाडी आणि भिजल्यावर काळपट तपकिरी. पाऊस सगळीकडे सारखा पडत नाही, म्हणून अर्धं शिवार गडद आणि अर्धं फिकट दिसतं, मधली रेघ बांधासारखी स्पष्ट. बांधावर गेल्या वर्षीचं पिवळं कुसळ तसंच असतं. हिरवी लव यायला आठवडा-दहा दिवस जातात, आणि तीही आधी उताराच्या खालच्या बाजूला, ओढ्याकाठी येते. वाफसा, म्हणजे पेरणीजोगी बेताची ओल, आल्यावर पेरणी होते, मग कुठे पिकाच्या ओळी दिसू लागतात. पहिल्या पावसाच्या कवितेचा सगळा जोर त्या भिजलेल्या-न भिजलेल्या मातीत असतो. तिथे गवत रंगवलं तर तुम्ही श्रावण रंगवलात.

आभाळाच्या चुकाही इथेच पकडा. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना पूर्वेला उगवतो, म्हणून मावळता सूर्य आणि पूर्ण चंद्र एकाच बाजूला येऊ शकत नाहीत. संध्याकाळची चंद्रकोर पश्चिमेला असते आणि तिची उजळ कड मावळलेल्या सूर्याकडे असते. रंगवणाऱ्यांतले निम्मे ती उलटी काढतात.

> तपासा: पानावर चार गोष्टी लिहिलेल्या हव्यात: नक्षत्र किंवा महिना, दिवसाची वेळ, उजेड कोणत्या बाजूनं, आणि जमीन कोरडी, ओली की वाफशाची.

टप्पा ५: रानात जाणे

कविता घरी ठेवून जा. ती पाठ झालेली असेलच. कागद बरोबर नेला की माणूस पक्ष्याकडे कमी आणि ओळींकडे जास्त पाहतो. बरोबर फक्त ते एक वाक्य न्या.

तिथे पोचल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं पेन्सिल काढू नका. बसून राहा. आपण आल्यावर गप्प झालेलं रान पुन्हा बोलू लागतं तेव्हाच खरं पाहणं सुरू होतं. नंतर झटपट रेखाटनं करा, प्रत्येकी अर्ध्या मिनिटाची, फक्त पाठीची रेघ, मानेचं वळण, पाय कुठून निघतात ते. पक्षी हलला की ते रेखाटन तिथेच सोडा आणि नवं घ्या. तो पुन्हा त्याच बैठकीत येतो, तेव्हा जुनं पुरं करा. एका पानावर आठ-दहा अर्धवट बगळे असले की सकाळ चांगली गेली.

रेखाटनाशेजारी शब्द लिहा. “पोट फिकट हिरवट, पाठ निळसर, डोक्यावर ऊन” ही टीप फोटोपेक्षा जास्त कामाची असते. फोन आपोआप उजेड बदलतो, सावलीतला रंग पुसून टाकतो आणि लांबचा पक्षी चपटा करतो. फोटो काढा, पण पानं किती होती, काठ कसा वळतो, एवढं आठवण्यापुरता.

आणि कवितेशी भांडा. आपल्या गाथेतली बगळी पानावर बसली आहे. प्रत्यक्षात पाहा, अंगानं भरलेला बगळा कमळाच्या एका सुट्या पानावर तोल राखतो का, की पानांची दाटी असेल तिथेच टेकतो? सुट्या पानांवरून सहज चालतो तो लांब बोटांचा कमळपक्षी. मी पाहिलं तेव्हा बगळा पानांच्या दाटीत पाय रोवून होता आणि पुढच्या पानानं त्याचे पाय झाकले होते. लांबून तो पानावर बसल्यासारखाच दिसत होता. मी तसाच काढला. गाथा मोडली नाही आणि पक्षीही खोटा झाला नाही.

झाडाफुलाच्या कवितेसाठीही असंच जवळ जा. पळसावरच्या कविता पुष्कळ आहेत आणि पळसाची चित्रं त्याहून जास्त, बहुतेक नुसती केशरी. माघ-फाल्गुनात एक फूल हातात घ्या. पाकळ्या ज्या पेल्यातून निघतात तो पेला गर्द तपकिरी, जवळजवळ काळा, मखमलीसारखा लवदार असतो. पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वळलेली, वरून बारीक रुपेरी लव. झाडाला तेव्हा पानं जवळपास नसतातच. फांदीवर केशरीच्या आत ते काळे ठिपके दिसले नाहीत, तर झाड पळसाचं वाटत नाही. कवितेतला जाळ त्या काळ्यामुळे पेटतो.

> इशारा: टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली की तिची अंडी जवळ आहेत. ती उघड्या जमिनीवर, खड्यांच्या रंगाची असतात, दिसत नाहीत. पुढे पाऊल टाकू नका, आल्या वाटेनं मागे फिरा. घरट्याची चित्रं काढायला कधीच जाऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि अंडी-घरट्यांना हात लावणं हा गुन्हा आहे.

> इशारा: फोनवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावू नका. विणीच्या दिवसांत तो हद्द राखायला धावतो, पिलं उघडी पडतात, आणि तुम्हाला दिसते ती त्याची चिडलेली बैठक. कवितेतली शांत बैठक त्यातून मिळत नाही.

जायकवाडीचं पक्षी अभयारण्य, गौताळा औट्रम घाट किंवा येडशी रामलिंग घाट अशा जागी जायचं तर वन विभागाचे नियम आधी विचारून घ्या. नाथसागराचं पाणी ओसरल्यावर काठाचा गाळ वरून वाळलेला दिसतो आणि आत पाय गुडघ्यापर्यंत जातो. एकट्यानं उतरू नका. एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊच्या आत परत फिरा.

टप्पा ६: लहान आराखडे

घरी आल्यावर लगेच मोठा कागद काढू नका. काड्यापेटीएवढ्या चौकटी आखा, निदान सहा. प्रत्येकीत फक्त तीन टोन: कागदाचा पांढरा, मधला, गडद. तपशील नाही.

गाथेसाठी मी केलेल्या सहांपैकी पहिल्या तीनमध्ये बगळा मधोमध आणि मोठा होता. चित्र पक्ष्याचं झालं, एकांताचं नाही. चौथ्यात तो लहान, एका बाजूला, भोवती पानंच पानं. तेव्हा कुठे ती जागा रिकामी वाटू लागली. पक्षी लहान करायला मन धजत नाही, कारण पिसं काढायचा मोह असतो. तो मोह इथेच सोडा.

थवा किंवा कळप असेल तर कुठलेही दोन जीव एका बैठकीत ठेवू नका. अजिंठ्याच्या लेणी क्रमांक २ मधल्या हंसांच्या रांगेसमोर थोडा वेळ उभं राहा. प्रत्येकाची मान वेगळी वळलेली आहे. एक पक्षी काढून त्याच्याच नकला मारल्या की रांग भिंतीवरच्या किनारीसारखी दिसते.

> तपासा: आराखडा हातभर लांब धरून डोळे बारीक करा. दुसऱ्या टप्प्यातलं वाक्य त्यात दिसतं का? नसेल तर सातवी चौकट आखा.

टप्पा ७: रंगवणे

पांढऱ्या पक्ष्याचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवा.

1. हलक्या पेन्सिलीनं बाहेरची रेघ. पिसं आखू नका.
2. बगळा म्हणजे कोरा कागद. त्याला पहिल्यापासून मोकळा सोडा. पांढरा रंग नंतर लावून तो उजेड परत येत नाही.
3. पाण्याचा आणि मागच्या पानांचा फिकट वॉश. पूर्ण वाळू द्या.
4. पक्ष्यामागचं पान दोन-तीन थरांत गडद करा. सॅप ग्रीनमध्ये अल्ट्रामरीन, गडद जागी चिमूटभर बर्न्ट सिएना. प्रत्येक थर वाळल्यावरच पुढचा.
5. आता पक्ष्याची सावली. अल्ट्रामरीनमध्ये अगदी थोडा लाल आणि भरपूर पाणी. पोटाच्या खालच्या भागाला पानाचाच हिरवा, पाण्यानं जवळजवळ नाहीसा केलेला. ज्याच्या शोधात मी निघाले होते तो हिरवा उजेड हाच. तो लावला की पक्षी पानात बसतो, नाही लावला तर कापून चिकटवल्यासारखा दिसतो.
6. चोच, डोळा, पाय शेवटी. डोळा पिवळसर, बाहुली बारीक. इथे हात थरथरला तर एक दिवस थांबा.

उन्हाळ्यात आपल्याकडे वॉश पसरवेपर्यंत वाळतो आणि कडांचे डाग पडतात. पहाटे काम करा, कागद मागून ओला करून घ्या, पंखा बंद.

काळ्या मातीसाठी काळी ट्यूब वापरू नका. त्यानं जमिनीला भोक पडल्यासारखं दिसतं. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळा. निळा जास्त तर कोरड्या ढेकळाचा राखाडी, सिएना जास्त तर भिजलेल्या मातीचा काळपट तपकिरी. चैत्रातल्या भेगा पायाजवळ रुंद आणि लांबवर बारीक होत जातात. जाळीसारख्या एकसारख्या काढल्या तर जमीन फरशीची वाटते.

टप्पा ८: शेवटची तपासणी आणि कवितेची ओळ

चित्र दोन दिवस भिंतीकडे तोंड करून ठेवा. मग कविता न वाचलेल्या माणसाला दाखवा आणि एवढंच विचारा, “इथे काय चाललंय?” माझ्या बगळ्याच्या चित्राकडे पाहून शेजारच्या काकू म्हणाल्या, “काहीच नाही, सामसूम आहे.” मला तेच हवं होतं. “छान बगळा काढलाय” असं उत्तर आलं असतं तर मी पुन्हा आराखड्यांकडे गेले असते.

नंतर कविता आणि चित्र शेजारी ठेवा. चारही रकाने एकेक करून जुळवा. कवितेत नसलेली एखादी गोष्ट चित्रात आली असेल, तर ती रानातून आली की कॅलेंडरमधून, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. रानातून आली असेल तर राहू द्या.

चित्रावर कवितेची ओळ लिहू नका, असं मी सांगते. ओळ लिहिली की पाहणारा वाचतो आणि पुढे जातो. ओळ द्यायचीच असेल तर चित्राखालच्या पट्टीवर, कवीच्या नावासह द्या. विकायच्या चित्रावर, छापील कार्डावर किंवा दिनदर्शिकेवर ओळी घ्यायच्या असतील तर परवानगी लागते. आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क त्याच्या वारसांकडे किंवा ज्यांना दिले त्यांच्याकडे असतात. गाथा किंवा ओव्या जुन्या आहेत, त्यांना ही अडचण नाही, पण त्यांचा आजच्या लेखकानं केलेला अनुवाद त्या लेखकाचा असतो. मूळ रचनेचा अर्थ समजून घ्या आणि पट्टीवर आपल्या शब्दांत लिहा.

वहीतलं ते कवितेचं पान फाडू नका. चित्राच्या मागच्या बाजूला तारीख, तळ्याचं नाव, वेळ आणि वारा लिहून ठेवा. सहा महिन्यांनी तीच कविता घेऊन त्याच काठावर जायचं आहे. तोवर पाणी उतरलेलं असेल, कमळाची पानं वाळून तपकिरी झालेली असतील, आणि बगळा पांढऱ्यावर पांढरा उभा असेल.